यात्रेच्या पट्टीतून कोणते नाटक आणावे?

(सुगीनंतरच्या यात्रेची पट्टी ठरविण्याकरिता जमलेल्या गावकरी मंडळींपुढे आम्ही केलेले हे भाषण आहे. ते छापून मिळावे अशी पुष्कळांची इच्छा दिसल्यावरून येथे देत आहो.)



सुगी आटोपली, खळी मोकळी झाली, आणि आता गावोगाव यात्रेची पट्टी बसेल. घरटी पट्टी देताना आमचा शेतकरी सहसा कुरकुरत नाही. बियाण्याची उधारी अंगावर असली तरी देवाच्या नावाची पट्टी तो आधी चुकती करतो. सुतार, लोहार, कुंभार, साळी, शिंपी हीही मंडळी मागे राहात नाहीत. परंतु जमलेल्या पैशाचे काय करावयाचे हा प्रश्न निघाला, की पट्टी देणारे गप्प बसतात आणि पाच-चार कारभारी बोलतात. त्यांचे बोलणेही ठरलेले असते. गेल्या साली झाले तेच यंदा करू, फक्त कर्णा जरा मोठा आणू! मग रात्रभर कर्णकर्कश वाद्ये वाजतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छातीत धडकी भरते, आणि सकाळी गावाच्या हाती कानांच्या दुखण्यापलीकडे काही राहात नाही.

आम्ही आज एकच मागणे घेऊन तुमच्यापुढे उभे आहो. या पट्टीतील एका रात्रीचा खर्च नव्या नाटककारांच्या नव्या नाटकाकडे लावा. आणि ते नाटक कोणते असावे, हे पट्टी देणाऱ्यांनी स्वतः ठरवा.

कोणी म्हणेल, नाटक ही पोट भरलेल्यांची चैन आहे, कर्जात बुडालेल्या कुणब्यास ती कशाला हवी? या प्रश्नास उत्तर खुद्द जोतीराव फुले यांनी देऊन ठेविले आहे. इ. स. १८५५ साली, म्हणजे सत्यशोधक समाज स्थापन होण्याच्या अठरा वर्षे आधी, जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. त्यात एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको आहे. जोशीबुवा ग्रहांची भीती घालतो, शांती सांगतो, ब्राह्मणभोजनाचा खर्च लावतो, आणि ते गरीब जोडपे कर्जात उतरते. मध्ये मध्ये विदूषक येऊन लबाडीचे बिंग फोडीत असतो. शेवटी नवराबायको दोघेही रात्रीच्या शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करतात. शाळा काढणाऱ्या, पाण्याचा हौद खुला करणाऱ्या, शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब मांडणाऱ्या त्या पुरुषास नाटक लिहिण्याची गरज का वाटली? ज्यास अक्षर वाचता येत नाही त्यास डोळ्यांनी पाहून कळते, आणि आपली फसवणूक दुसऱ्याच्या अंगावर पाहिली म्हणजे ती फसवणूक आहे हे लवकर उमगते, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे काय झाले ते नीट ऐका. जोतीरावांनी ते नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले आणि कमिटीने ते नाकारले. ज्यांच्या पोटावर पाय येत होता त्यांच्याच भाईबंदांचा कमिटीत जोर होता, तेव्हा दुसरे काय होणार? नाटक दप्तरात पडून राहिले. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली. मंडळी, एकशे चोवीस वर्षे! या अवधीत किती कुणबी जोडपी त्याच जोशीबुवापुढे बसून कर्जात उतरली असतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या घराण्यावरून करावा.

कमिटीचा दोष आहेच. पण आम्ही त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो. कमिटीने नाकारलेले नाटक खेळण्यास त्या वेळी आमच्यापाशी काय होते? नाटकमंडळी नव्हती, छापखाना नव्हता, मांडव घालून बोलावणारे गाव नव्हते. दुसऱ्याच्या ओसरीवर बसलेल्याने 'उठा' म्हटल्यावर उठावेच लागते. पुढे सत्यशोधकांनी ही उणीव जलशाने भरून काढली. ओतूरचे भीमराव महामुनी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच बाज उचलला, गणातून सत्य सांगितले आणि वगातून भिक्षुकशाहीचे सोंग उघडे पाडले. हा जलसा चालला तो गावाने भाकरी घातली, पेट्रोमॅक्सला तेल दिले आणि बसावयास जागा दिली म्हणून. कोणत्याही कमिटीच्या बक्षिसाने तो चाललेला नाही.

छत्रपती शाहू महाराजांनीही हे जाणले होते. कोल्हापुरात त्यांनी १९१२ साली खासबागेचे कुस्त्यांचे मैदान आणि १९१५ साली त्याच्या शेजारीच पॅलेस थिएटर उभे केले. अंगाची तालीम आणि मनाची तालीम जवळजवळ एकाच आवारात! बहुजनसमाजाच्या पोरास दोन्हींची गरज आहे, हे सांगण्याची ती राजाची रीत होती. त्याच नाटकगृहास पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले, तेव्हा कोल्हापूरच्या रस्त्यावर माणसे घरातले कोणी गेल्याप्रमाणे रडली. ज्या समाजास नाटक ही चैन वाटते तो समाज नाटकगृहासाठी असा रडत नाही.

आता आजच्या स्थितीकडे वळू. नवे लिहिणारे नाहीत ही ओरड खोटी आहे. १९५४ सालापासून राज्य नाट्य स्पर्धा भरते, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा होतात, पुण्यात १९६३ सालापासून पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात. तालुक्याच्या ठिकाणची पोरे रात्री तालमी करून, पदरमोड करून तेथे जातात. पुष्कळ नाटकांचा एक प्रयोग होतो, टाळ्या पडतात, कोणास प्रशस्तिपत्र मिळते, आणि नाटकाची वही पेटीच्या तळाशी जाते. पुढला प्रयोग कोण लावणार? शहरातला व्यापारी ओळखीचे तोंड आणि हमखास गल्ला पाहतो. त्यास दोष देण्यात अर्थ नाही, त्याचा तो धंदा आहे. परंतु आमचे काम धंद्याचे नव्हे. जोतीरावांचे नाटक दप्तरात गेले तसे आजच्या नव्या लेखकाचे जाऊ नये, याची जबाबदारी गावाची आहे. नवा नाटककार म्हणजे वयाने कोवळा असेच आम्ही म्हणत नाही. ज्याचे नाव शहरातल्या नाटकवेड्यांस ठाऊक झाले पण आमच्या चावडीवर अजून पोचले नाही, तो आमच्यापुरता नवाच होय.

अशी चार नाटके आम्ही तुमच्यापुढे ठेवतो. त्यांचे गुण सांगू, आणि त्यांवर जे आक्षेप येतात तेही झाकून ठेवणार नाही.

पहिले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. लिहिणारे राजकुमार तांगडे हे जालना जिल्ह्यातील जांब समर्थ गावचे शेतकरी. कल्पना, गीते आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे, आणि बसविले नंदू माधव यांनी. २०१२ साली ते रंगभूमीवर आले. जांब हे रामदासांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध. शिवाजीराजांस कोणी घडविले यावर ज्यांच्या नावाने एवढा वाद माजला त्यांच्याच गावचा एक शेतकरी उठतो आणि राजा कोणाचा होता हे नाटकातून विचारतो, याचे आम्हास मोठे कौतुक वाटते. गोष्ट अशी की यमदूत राजांस न्यावयास येतात, पण राजांचा विचार काही त्यांच्याबरोबर जात नाही, तो खालीच राहतो. मग यम राजांची पगडी घेऊन ती बसेल असे डोके शोधीत हिंडतो. पगडी मिरविणारे पुष्कळ भेटतात, पण पगडी बसेल असे डोके सापडणे कठीण! जोतीरावांनी १८६९ साली पवाडा लिहून ज्यास कुळवाड्यांचे भूषण म्हटले, तो रयतेचा राजा या नाटकात पुन्हा दिसतो. नट बहुतेक जालन्याकडचे, शेतीभातीत वाढलेले. त्यांची बोली त्यांच्या तोंडात शोभते.

आक्षेप असा निघतो की महाराजांच्या नावाच्या नाटकात हसणेखिदळणे कशास? आमचे म्हणणे, प्रयोग नीट पाहा. हसू येते ते राजांस नव्हे, त्यांचे नाव घेऊन शेजाऱ्याशी भांडण उकरणारांस येते. ज्या गावात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दोन आळ्यांत लाठ्या निघतात, त्या गावाने तर हे नाटक आधी आणावे.

दुसरे 'संगीत देवबाभळी'. लेखक आणि दिग्दर्शक नाशिकचे प्राजक्त देशमुख. हे आधी एकांकिका होते. भद्रकाली प्रॉडक्शन्सने २०१७ साली ते मोठ्या रंगभूमीवर आणिले, आनंद ओक यांनी संगीत दिले, आणि शुभांगी सदावर्ते व मानसी जोशी या दोघींनी ते उभे केले. लेखकास २०२० सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार याच नाटकाबद्दल मिळाला. तुकोबांची बायको आवली भाकरी घेऊन भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्यास शोधीत जाते, तिच्या पायात बाभळीचा काटा मोडतो, आणि विठ्ठल तो काढतो. पुढे तिची देखभाल करावयास रखुमाई लखूबाई बनून तिच्या घरी राहते. बस्स, दोन बाया आणि एक घर. एक नवऱ्याच्या भक्तीने गांजलेली, दुसरी नवऱ्याच्या भक्तांनी गांजलेली.

येथे आमचेच काही सत्यशोधक मित्र भुवया चढवितील. देव माणसाचा काटा काढतो असले नाटक तुम्ही आम्हास सांगता काय? मित्रहो, आक्षेप बरोबर जागी आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. चमत्कार आम्हास मान्य नाही आणि तुम्हीही तो मान्य करू नये. पण या नाटकाचा प्राण चमत्कारात नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षे कीर्तनकारांनी आवलीस कजाग बायको म्हणून रंगविले आणि लोक हसत राहिले. चूल कोणी पेटविली, पोरांस कोणी जगविले, दुष्काळात घर कोणी धरून ठेविले, हे कोणी विचारले नाही. या नाटकात आवली देवाच्या तोंडावर हिशेब मागते. ज्या घरातली बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते आणि पट्टीच्या बैठकीत तिला बोलावीत नाहीत, त्या घरच्या पुरुषाने हे नाटक बायकोच्या शेजारी बसून पाहावे. चमत्कारावर घरी जाऊन वाद घाला. तो वादही नाटकाचाच फायदा होय.

तिसरे 'हंडाभर चांदण्या'. लेखक दत्ता पाटील, दिग्दर्शक सचिन शिंदे, दोघेही नाशिकचे. गावात पाणी नाही. टँकर येणार, टँकर येणार, असे ऐकून कान किटले आहेत. सरकारी अधिकारी गावकऱ्यांच्या हाती सापडला आहे आणि टँकर आल्यावाचून त्यास सोडावयाचे नाही असा बेत आहे. हंड्यात पाणी नसले म्हणजे त्यात काय दिसते, ते नावातच आले. हे नाटक आम्हास अशाकरिता आवडते की यात गावकरी कोणी साधुसंत केलेले नाहीत. ते चिडतात, आपसांत फुटतात, मूर्खपणाही करतात. शहरच्या लेखकांनी आमचा शेतकरी बहुधा दोनच रूपांत उभा केला: एक बावळट हसविणारा आणि दुसरा गळ्यात दोर घेतलेला. येथे तो तिसऱ्या रूपात आहे, विचार करणारा आणि चुकणारा माणूस म्हणून. याच जोडीचे 'कलगीतुरा' हेही नाटक आहे. कलगीवाले शक्तीस थोर मानणार, तुरेवाले शिवास, आणि रात्रभर सवालजवाब चालणार, ही आमच्या शाहिरांची जुनी शाळा. ती मोडत चाललेली पाहून गावची माणसे तिला पुन्हा उभी करू पाहतात, असा त्याचा विषय आहे. ज्या गावात अजून एखादा डफ खुंटीला टांगलेला असेल, त्या गावास हे नाटक फार लागेल.

येथे आक्षेप निघतो की टँकरचे दुःख आम्ही रोज पाहतो, मग ते पुन्हा पट्टी देऊन का पाहावे? त्याचे उत्तर असे. रोज आपण ते एकेकटे पाहतो, ज्याच्या त्याच्या हंड्यापुरते. मांडवात सारे गाव एकाच वेळी पाहते, आणि पाण्याच्या योजनेचा पैसा मुरला कोठे हा प्रश्न सरपंचाच्या देखत साऱ्यांच्या मनात एकदमच उठतो. एवढ्यासाठी एक रात्र खर्चिणे महाग नाही.

चौथे 'तेरवं'. श्याम पेठकर यांनी लिहिले, वर्ध्याचे हरीश इथापे यांनी बसविले. तेरवं म्हणजे तेराव्याचा विधी. विदर्भातील ज्या शेतकऱ्यांनी कर्जापायी जीव दिला, त्यांच्या मागे राहिलेल्या बायांची ही कथा; आणि ती कथा त्या बायांनीच रंगभूमीवर उभी केली. ज्यांनी जन्मात रंग तोंडास लाविला नव्हता त्या भगिनी लोकांपुढे उभ्या राहून बोलल्या. २०१९ साली यवतमाळास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन याच नाटकात काम करणाऱ्या एका भगिनीच्या हस्ते झाले. मोठमोठे विद्वान खाली बसले आणि शेतकऱ्याची विधवा वर उभी राहिली.

या नाटकाबद्दल लोक म्हणतात, रडगाणे कोण पाहील? यात्रेच्या दिवशी अपशकुन कशास? या 'अपशकुन' शब्दावरच आमचा मुख्य राग आहे. नवरा गेला म्हणजे बाई अपशकुनी, तिने हळदीकुंकवास येऊ नये, लग्नाच्या मांडवात पुढे होऊ नये, ही शिकवण कोणाच्या पोथीतली? सावकाराने छळले ते शकुनाचे, पिकास भाव पडला तो शकुनाचा, आणि मागे राहून चार एकर कसणारी बाई मात्र अपशकुनाची! ज्या गावात हा खुळा समज जिवंत आहे तेथे हे नाटक यात्रेच्या मुख्य रात्रीच लावावे. आणि ते केवळ रडवीत नाही. मागे राहिलेल्या बायांनी जगावयाचे कसे ठरविले, हेच त्याचे सार आहे.

आता कोणी विचारील, शहरची मंडळी आमच्या मांडवात येतील काय, आणि आलीच तर आम्हास परवडतील काय? या शंकेचे निरसन आमच्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकास जाऊन करून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. तेथे धान कापून झाले म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात, आणि ती रात्रभर चालतात. दंडार या जुन्या लोकखेळातून ही रंगभूमी वाढली. मंडई भरली, शंकरपट झाला, की रात्री नाटक ठरलेले. देसाईगंज ऊर्फ वडसा येथे नाटकमंडळ्यांची ठाणी आहेत. गावचे लोक तेथे जाऊन नाटक ठरवितात, तिकीट लावतात, आणि थंडीत घोंगडी पांघरून धानाच्या बांधीत बसून ते पाहतात. त्या रंगभूमीची आयुष्यभर सेवा करणारे परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेथील सर्वच नाटके उत्तम असतात असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांत रडारड फार आणि नाचगाणे ओढूनताणून घातलेले असते. तरी धडा असा, की भात पिकविणारा शेतकरी आपल्या तिकिटावर एवढी रंगभूमी पोसू शकतो, आणि तिच्यावर दरसाल नवी नाटके येतात. मग ऊस, ज्वारी, कापूस आणि कांदा पिकविणाऱ्यांच्या हाताला काय झाले आहे?

दुसरा मार्ग आपणच नाटक बसविण्याचा. वर सांगितलेल्यांपैकी एखाद्या नाटकाचे प्रयोग ज्या साली बंद असतील त्या साली त्या मंडळींवाचून अडून बसू नये. लेखकाची लेखी परवानगी घ्यावी, त्याचे मानधन आधी पोचते करावे, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र पाहावे, आणि गावातच तालीम सुरू करावी. मानधनाची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. बैल भाड्याने आणला तर आपण भाडे देतो. मग लेखकाची बुद्धी फुकट का वापरावी? आमच्या घामाचे मोल बुडविणाऱ्यांस आम्ही शिव्या देतो, तेव्हा दुसऱ्याच्या घामाचे मोल आपण बुडवू नये.

आम्हास नाटक जमेल काय, असे म्हणून कोणी अंग चोरू नये. पुण्याच्या महानगरपालिकेत झाडलोट करणाऱ्या कामगारांनी गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे जोतीरावांवरील नाटक २०१२ साली अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली उभे केले. पहाटे रस्ते झाडावयाचे आणि काम संपल्यावर तालीम करावयाची! त्या माणसांनी जोतीरावांचे बोल उच्चारले तेव्हा ते पाठ केलेले वाटले नाहीत, कारण ज्याचे जळते त्याला कळते.

पण तालीम सुरू करताना एक पथ्य पाळा. आमच्या गावांत नाटक निघाले, की पाटलाचा पोरगा राजा होतो, सुतार फळ्या ठोकतो, शिंपी कपडे शिवतो, परीट ते धुतो, आणि खालच्या आळीची पोरे सतरंज्या उचलतात. म्हणजे बाहेर जी उतरंड तीच मांडवात! असे नाटक हजार वेळा केले तरी त्याचा उपयोग शून्य. तुमच्या तालमीत सुताराच्या पोरास राजा करा, चांभाराच्या पोरीस नायिका करा, आणि पाटलाच्या पोरास पहिल्या दिवशी अंगण झाडावयास सांगा. त्यास ते पटले नाही तर त्याने खुशाल घरी बसावे. बायांची कामे बायांनीच करावी, आणि त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्यास गावाने तेथेच समज द्यावी. एक वर्षाच्या तालमीने जे मन निवळेल ते दहा वर्षांच्या व्याख्यानांनी, आमच्या या व्याख्यानासुद्धा, निवळणार नाही.

आमची चार नाटके म्हणजे वेद नव्हेत. पुढल्या साली आणखी नवी येतील, काही आमच्या दृष्टीस पडलेली नसतील. म्हणून नाटक पारखण्याच्या चार खुणा सांगतो. पहिली: नाटकात घाम कोणाचा गळतो आणि खातो कोण, हे दिसते काय? दुसरी: हसविताना ते कोणास हसते? दुबळ्यास हसणारे नाटक कितीही रंगले तरी परत पाठवा. बळजोर लुच्च्यास हसणारे असेल तर पुढच्या ओळीत बसा. तिसरी: त्यातली बाई आपल्या मनाचे बोलते, की नवऱ्याच्या पायाशी रडण्यापुरतीच येते? चौथी: शेवटी संकट देव, राजा किंवा पुढारी येऊन निवारतो, की माणसे आपल्या अकलेने मार्ग काढतात? ज्या नाटकात चारांपैकी तीन खुणा पटल्या ते बेलाशक आणा. लेखकाची जात मात्र विचारू नका. नाटकाने कोणाची बाजू घेतली एवढेच विचारा. आमचे भांडण जन्माशी नाही. जन्मावरून मोठेपण मागणाऱ्या भिक्षुकशाहीशी आहे, मग ती कोणत्याही घरात नांदत असो.

आता प्रत्यक्ष काम. पट्टीच्या बैठकीस यंदा बायांस बोलवा आणि त्यांचे मत मोजा. नाटकाच्या रात्रीसाठी वेगळी रक्कम आधीच काढून ठेवा. उरले तर नाटक, असे म्हणाल तर काही उरणार नाही, हे आम्ही लिहून देतो. एका गावास भार होत असेल तर शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एकच मंडळी बोलवावी. ओळीने चार रात्री प्रयोग लावले म्हणजे प्रवासाचा खर्च वाटला जातो. नाटकमंडळीस भाकरी पंक्तीत बसवून घाला, वेगळी नको. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर तासभर बसून काय पटले आणि काय पटले नाही ते बोला, आणि ते लेखकास पत्राने कळवा. शहरातल्या परीक्षकाच्या गुणांपेक्षा चावडीवरचे दोन रोखठोक शब्द नव्या लेखकास अधिक उपयोगी पडतील. आणि तुमच्याच गावात कोणी पोरगा किंवा पोरगी वहीत संवाद खरडीत असेल, तर त्यास वेडा म्हणू नका. ती वही एकदा साऱ्यांपुढे वाचून घ्या.

जोतीरावांची वही एकशे चोवीस वर्षे पडून राहिली, तेव्हा आम्ही अडाणी होतो, आमच्या हाती सत्ता नव्हती, अशी सबब आम्हास सांगता येते. आज पोरे शिकली आहेत, ग्रामपंचायत आमची आहे, मांडव आमचा आहे, आणि पट्टीही आमच्याच खिशातली आहे. आज एखाद्या तांगड्याची किंवा पाटलाची वही पेटीत पडून राहिली तर दोष देण्यास कोणतीही कमिटी उरलेली नाही. पट्टीची बैठक येत्या आठवड्यात आहे. तेथे गप्प बसू नका.

सत्यमेव जयते.